मडक्यापाशी कोण बसणार

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पाचवीसाठी नाला ओलांडून दुसऱ्या गावाला जावं लागायचं आणि मुलींना कोणी तिकडे पाठवत नव्हतं. पण लिहायची सवय राहिली. लग्न होऊन नागपूरला आले, मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा तिच्या वह्यांची मागची कोरी पानं दरवर्षी उरायची. दुपारी काम नसलं की त्या पानांवर मी काहीबाही लिहायचे. कोणाला दाखवायचे नाही. फार लपवायचेही नाही, कारण आमच्या घरात दुसऱ्याचे कागद उचलून वाचायला कोणाला वेळ नसतो. फक्त मुलगी कधीतरी वाचायची आणि काही न बोलता ठेवून द्यायची.

मुलगी कॉलेजात गेली आणि दुसऱ्या वर्षाला असताना तिने घरी येऊन सांगितलं की तिच्या कॉलेजात दुपारचा लेखनाचा वर्ग सुरू झाला आहे. कॉलेजच्या मुलांना त्याचे मार्क होते. पण बाहेरच्या माणसांनाही बसता येत होतं आणि शिक्षणाची अट नव्हती.

"आई, तू ये ना," ती म्हणाली.

"मी? कॉलेजात?"

"मॅडम म्हणे कोणी पण येऊ शकते. बँकेतून रिटायर झालेले एक काका पण येतात."

"काका शिकलेले असतील."

"एम.कॉम. आहेत. अन् लिहितात तुझ्यापेक्षा खराब." मग तिने थोडा विचार केला. "फक्त वर्गात मला डब्याचं विचारू नको. अन् माझ्या बाजूला बसू नको."

मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिच्या मैत्रिणी होत्या, तिचं तिथे वेगळं चालू होतं. मी भिंतीकडच्या बाकावर बसले आणि वर्ग संपेपर्यंत तिथेच बसत राहिले. पहिले काही दिवस तर मॅडमनी नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी मी खाली वहीत बघायचे. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी मला वर्गात कधी उभं केलं नाही. माझं लिहिलेलं वाचून दाखवायचं असलं तर त्या स्वतः वाचायच्या.

पहिलं काम त्यांनी दिलं ते म्हणजे ओळखीच्या एका माणसाबद्दल लिहा. मी सासूबाईंवर लिहिलं. सासूबाई आणि मी घरी मिळून लांब पोळ्यांचा धंदा करतो, दिवसभर एकमेकींसमोर असतो, त्यांच्याइतकं जवळून मी कोणालाच पाहिलेलं नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मी लिहिलं की माझ्या सासूबाई फार प्रेमळ आहेत. त्या पहाटे उठतात. त्या खूप कष्ट करतात. त्या सर्वांशी गोड बोलतात. त्यांना स्वच्छता आवडते. म्हणून मला माझ्या सासूबाई आवडतात.

मुलीने जाता जाता ते वाचलं. "आजी गोड बोलते? कोणासोबत?"

"लिहिताना तसं लिहावं लागते."

"काहून?"

शाळेत आम्हाला असंच शिकवलं होतं. माझी आई, माझे गुरुजी, माझा गाव, सगळं चांगलं आणि शेवटी म्हणून मला आवडते. पुढेही माझं लिहिणं तसंच राहिलं. तोंडाने आम्ही एकमेकांबद्दल वाटेल ते बोलतो, पण कागदावर आलेलं चार लोकांपुढे जातं असं मनात पक्कं होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर जसं पुढच्या खोलीतलं सगळं आवरून ठेवतो, तशी मी माणसं आवरून कागदावर ठेवत होते. वह्यांच्या मागच्या पानांवर, जिथे कोणी येणार नव्हतं, तिथेही.

मॅडमनी ते परत दिलं तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, या बाईंच्या जागी दुसऱ्या कोणाच्याही सासूबाई ठेवल्या तरी चालेल. तुमच्या सासूबाई कशा आहेत ते लिहू नका. त्या काय करतात ते लिहा. एकाच दिवसाचं."

मग मी आमचं काम लिहिलं. वाचणाऱ्याला काही माहीत नाही असं समजून लिहायचं, हे मॅडमचं सांगणं होतं, म्हणून सगळं लिहिलं. कणीक मिठाच्या पाण्यात अगदी सैल भिजवायची. परातीत ती उचलून उचलून आपटायची, तार धरेपर्यंत. हे काम खांद्याचं आहे. अंगणात चुलीवर मोठं मडकं पालथं तापत असतं. मडक्यापाशी बसणारी बाई परातीतून कणकेचा गोळा घेते, दोन्ही हातांवर खेळवते, तो तळहातापासून कोपरापर्यंत लांबत जातो, आणि फाटायच्या आत ती तो मडक्यावर पसरते. रुमालासारखी पातळ पोळी होते. मग ती घडी घालून फडक्यात ठेवतात. आमच्याकडे रविवारी जास्त मागणी असते, मटणासोबत. उन्हाळ्यात रसासोबत.

आत्याबाईंचे हात कोपरापर्यंत कसे चालतात, मडक्याकडे न बघता गिऱ्हाइकाशी कसं बोलतात, कोणी पोळी मोजून घ्यायला लागलं की कसं म्हणतात, "मोजा गा, मोजा, मी का पयून चालली?" हेही लिहिलं. मॅडम वाचत असताना वर्गातली मुलं त्या वाक्याला हसली. मी खाली बघत होते, पण मला बरं वाटलं.

वर्ग संपल्यावर मॅडम माझ्या बाकापाशी आल्या. "आता त्या दिसल्या," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही दिसला नाहीत. तुम्ही कुठे बसला होता?"

"परातीपाशी."

"रोज?"

"हो."

"केव्हापासून?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि मडक्यापाशी?"

मी वही पिशवीत घातली. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "ते लिहून बघा, जमलं तर."

ते लिहायला मला बराच वेळ लागला. दरम्यान वर्गात दुसऱ्या गोष्टी चालू होत्या. आम्ही एकमेकांचे कागद बदलून वाचायचो. होस्टेलवर राहणाऱ्या एका मुलीने आपल्या खोलीबद्दल लिहिलं होतं आणि ते माझ्याकडे आलं. तिने लिहिलं होतं की खोलीत खूप एकटं वाटतं. मी कडेला पेन्सिलीने लिहिलं, खिडकीतून काय दिसते? पुढच्या वेळी तिने खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहून आणलं, तिथे संध्याकाळी बसणाऱ्या कबुतरांबद्दल, आणि एकटं हा शब्द काढून टाकला होता. लिहिणं दुरुस्त होतं, म्हणजे एकदा लिहिलं की ते तसंच राहत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. शाळेत चूक झाली की लाल शाईचा गोल मिळायचा आणि पान उलटायचं. इथे तेच पान पुन्हा लिहायचं होतं.

मॅडम काकांचा पहिला परिच्छेद कायम खोडायच्या आणि माझा शेवटचा. काका आधी मनुष्यजन्मापासून सुरुवात करायचे आणि मग बँकेत पोचायचे. माझं उलट होतं. सांगून झाल्यावर मी शेवटी काहीतरी चांगलं जोडायचे, म्हणजे कोणाला लागू नये. मॅडम म्हणायच्या, "ताई, सांगून झालं की उठा."

शेवटी मी जे लिहिलं ते असं होतं. आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात. डॉक्टरांनी चुलीच्या धुराजवळ काही आठवडे जायचं नाही असं सांगितलं. ऑर्डरी आलेल्या होत्या. मी मडक्यापाशी बसले. आत्याबाईंना इतकी वर्षं रोज पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं आणि हातावर घेणं वेगळं. पहिल्या दिवशीच्या पोळ्या फाटल्या, काही मडक्याला चिकटल्या, त्या आम्हीच खाल्ल्या. कोपराजवळ भाजलं. मग हळूहळू हात बसला. एका रविवारी धरमपेठेतले एक नेहमीचे गिऱ्हाईक आले. पोळ्या घेऊन दारातूनच म्हणाले, "आजींचा हात तो आजींचा हात." त्यांना अंगणातलं दिसत नव्हतं. आत्याबाई पुढच्या खोलीत दाराआड काळा गॉगल लावून बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही अंगणातून काही म्हटलं नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी आत्याबाई अंगणात आल्या. मी मडक्यापाशी होते. त्यांनी फडक्यातली एक पोळी उचलली, उजेडाकडे धरून पाहिली, एक तुकडा तोडून कोरडाच खाल्ला. मग मला म्हणाल्या, "ऊठ." मी उठले आणि परातीपाशी जाऊन बसले.

इथे मी थांबले. शेवटी काही जोडलं नाही.

मॅडमनी हे वर्गात वाचून दाखवलं नाही. बाजूला घेऊन म्हणाल्या की कॉलेजच्या वार्षिकांकात त्यांना हे घ्यायचं आहे. अंकात मुलांचं लिहिलेलं असतं, पण यंदा वर्गातल्या बाहेरच्यांचंही एखादं घेता येईल. "एक शब्दही बदलायचा नाही," त्या म्हणाल्या.

मला ते छापून यावं असं फार वाटलं. हे मी सरळ लिहिते, कारण नंतर जे झालं त्यात असं वाटू शकतं की मला त्याचं काही नव्हतं. घरी येताना मी रस्त्यावर मनातल्या मनात ते पान पाहत होते, वर माझं नाव, खाली सगळं ओळीने छापलेलं. चौथीनंतर माझं नाव रेशनकार्ड आणि लग्नाची पत्रिका सोडून कुठेही छापलेलं नाही.

पण ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्या घरात होत्या. त्यांना वाचता येत नाही. आणि आमच्या पोळ्या घेणाऱ्या कितीतरी घरांतली मुलं त्याच कॉलेजात जातात.

मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आजीला कुठं वाचता येते? कळणारच नाही तिला."

मुलीचे बाबा मिहानमधल्या एका कंपनीची स्टाफ बस चालवतात. ते ड्युटीवरून आले, जेवता जेवता ऐकलं आणि म्हणाले, "मायले सांगू नको. काहून घरात आग लावतं?"

दोघांचंही म्हणणं एकच होतं. त्यांना कळलं नाही तर काही बिघडत नाही. मलाच ते पटत नव्हतं. तोंडावर बोलले असते तर त्या मला परत बोलल्या असत्या, आमचं तसंच चालतं. पण हे असं होतं की मी बोलणार आणि त्यांना परत बोलता येणार नाही. सगळ्या गावाने वाचायचं आणि त्यांनी तशाच मडक्यापाशी बसून त्याच गिऱ्हाइकांना पोळ्या द्यायच्या.

सोमवारी ऑर्डर नव्हती. आत्याबाई अंगणात सुपात गहू घेऊन निवडत बसल्या होत्या. मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"आत्याबाई, मी तुमच्यावर लिहिलं. वाचून दाखवू का?"

"मह्यावर?" त्यांनी सुपातून मान वर केली. "मी मेली का वं? जित्या माणसावर कोन लिहिते?"

"कॉलेजात लिहायला सांगितलं होतं."

"तं मंग तुह्या नवऱ्यावर लिहाव. थो चांगला रिकामा हाये."

"वाचू का?"

"वाच. हात चालू राहतात महे."

मी वाचायला सुरुवात केली. माझा आवाज इतका लहान होता की त्यांनी दोनदा मोठ्याने वाच म्हणून सांगितलं. मोजा गा मोजा, तिथे त्या हसल्या आणि म्हणाल्या, "थे मोजणारे अजून तसेच मोजतात." ऑपरेशनचं आलं तेव्हा म्हणाल्या, "गॉगल नंतर. आधी हिरवी पट्टी होती."

"तो रविवार गॉगलचाच होता."

"बरं, मंग पट्टीचं बी लिही. पट्टीचं कोनी लिहिलंच नाही." आणि मग, "धरमपेठेतला थो माणूस? थो जाड? त्याले काय कयते पोयीतलं."

शेवटी मी ऊठ पर्यंत आले आणि थांबले. त्या गहू निवडत होत्या.

"संपलं?"

"हो."

"पुढं काही नाही?"

"नाही."

त्यांनी एक खडा उचलून अंगणात फेकला. मला वाटलं की आता बोलतील, इतक्या वर्षांचं. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं ऊठ. तू काहून उठली?"

मला समजलंच नाही. "तुम्ही म्हटलं म्हणून."

"मी म्हटलं म्हणून." त्यांनी ते पुन्हा म्हणून पाहिलं. "मह्या सासूनं मले म्हटलं होतं ऊठ. मी नाही उठली."

आत्याबाईंच्या सासूला मी पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. त्या मडक्यापाशी बसायच्या हेही मला माहीत नव्हतं. घरात असंच बोललं जायचं की लांब पोळ्या आत्याबाईंनी सुरू केल्या.

"त्या करत होत्या?" मी विचारलं.

"तिनंच तं शिकवलं. तिच्या हातच्या पोया दूरदूर जात. तिले लेकीच्या बाळंतपणाले जावं लागलं, म्हणून मी बसली. परत आली अन् म्हणे ऊठ. मी म्हटलं, कणीक हातावर हाये, कशी उठू? दुसऱ्या दिवशी तिच्या आधी येऊन बसली. तिसऱ्या दिवशी बी. मंग तिनं म्हणनं सोडलं."

"मग त्या काय करायच्या?"

"ओसरीत बसे." त्या सूप हलवत होत्या. "लोकं येत, पोया घेत, जात. आधी तिच्याशी बोलत, बसत, पानी मांगत. मंग कोनी थांबत नसे तिच्यापाशी. दिवसभर ओसरीत बसून राहे अन् मडक्याकडे पाहे. मी पाठ करून बसली तरी मले कये का पाहून राहिली."

मी कागदांची घडी करून मांडीवर ठेवली.

"मह्या डोयाले पट्टी होती तं मी तशीच बसली होती, पुढच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "तू चांगली करून राहिली होती. थो जाड माणूस आला अन् त्याले फरक नाही कयला. मंग तुले उठवलं नसतं तं मी कोठं बसली असती?"

खूप वर्षं मला वाटायचं की माझ्या हाताला जमणार नाही असं त्यांना वाटतं. ते तसं नव्हतं. मला जमलं हेच त्यांना नको होतं. ऐकून मला राग आला, आणि तो जास्त वेळ टिकला नाही, दोन्ही खरं आहे.

"हे लिहू का?" मी विचारलं.

"लिही."

"छापतील ते."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "छापू नको. लोकं म्हणतीन का सासूले उठवलं हिनं."

मी घाबरत होते ते वेगळ्याच गोष्टीला. मला उठवलं हे चार लोकांनी वाचलं तर त्यांना त्याचं काही नव्हतं. सुनेला उठवायचंच असतं. आपल्या सासूला उठवलं, हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"मग आधीचं छापू का? जेवढं वाचलं तेवढं?"

"थे अर्धं हाये. अर्धं काहून छापतं?" त्यांनी पुन्हा सूप उचललं. "सगयं लिही. मी मेल्यावर छाप."

पुढच्या वर्गाला मी लवकर गेले. मॅडम स्टाफरूममध्ये होत्या. मी दारात उभी राहिले तर त्यांनीच आत बोलावलं. एवढे दिवस मी त्यांच्याशी हो आणि नाही याच्यापुढे फारसं बोलले नव्हते. मी सांगितलं की सासूबाईंना वाचून दाखवलं आणि त्यांनी पुढचं सांगितलं, आणि ते पुढचं त्यांना छापायचं नाही. काय सांगितलं ते मी मॅडमना सांगितलं नाही.

मॅडमनी नीट ऐकून घेतलं. "ताई, मला समजतंय," त्या म्हणाल्या. "पण लेख म्हणून बघाल तर तो 'ऊठ'पाशी संपतो. पुढचं जे आहे तो दुसरा लेख. पहिल्यात तुमच्या सासूबाईंबद्दल खोटं काहीच नाही. नावही नाही त्यांचं."

"हो मॅडम."

"मग?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मीही तेच शिकले होते त्यांच्याकडून. सांगून झालं की उठायचं. पण मी तो कागद घरी पुन्हा वाचला होता आणि आता तो मला संपलेला वाटत नव्हता. आत्याबाई पोळी उजेडाकडे धरून पाहतात, तुकडा खातात, तिथे आधी मला त्या माझी चूक शोधताहेत असं दिसत होतं. आता तिथे दुसरं काही दिसत होतं आणि वाचणाऱ्याला ते दिसणार नव्हतं. लिहिलं तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणून ते खरं होतं. आता माहीत असून तसंच छापलं तर खरं राहत नाही. हे सगळं मला तेव्हा बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मग हा राहू द्या, मॅडम."

"तुम्हाला छापून यावं असं वाटत नाही का?"

"वाटते."

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. मी या वेळी खाली बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर त्यांनी समजूत घातली असती आणि मी हो म्हटलं असतं. शेवटी त्यांनी तो कागद फाइलमधून काढून माझ्या हातात दिला. "ठीक आहे. दुसरा लिहा मग. छापायचा नाही, असाच. मला वाचायला द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

वर्गात गेले तेव्हा मुलगी आधीच आली होती. तिने बाकावरूनच डोळ्यांनी विचारलं, काय झालं? मी मान हलवली. ती उठून माझ्या बाकावर येऊन बसली. "तू पण ना," एवढंच म्हणाली आणि वर्ग संपेपर्यंत तिथेच बसली. तिच्या मैत्रिणी मागून बघत होत्या.

अंक निघाला. त्यात मुलीचा एक लेख आहे, सीताबर्डीच्या गर्दीवर, चांगला आहे. काकांचाही आहे, पहिला परिच्छेद गेलेला. मुलीने अंक घरी आणला तेव्हा आत्याबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, फोटो पाहिले.

"तुह्यं कोठं हाये?" त्यांनी मला विचारलं.

"नाही त्यात."

"काहून?"

"तुम्हीच नाही म्हटलं होतं."

"मी, मी मेल्यावर छाप म्हटलं. दरसाल काढतात ना हे?"

"हो."

"मंग झालं तं," त्या म्हणाल्या आणि अंक मुलीला परत दिला.

वर्ग आता संपला आहे. मी दुसरा लेख लिहिते आहे. तो अजून जमलेला नाही. आत्याबाईंची सासू ओसरीत बसून मडक्याकडे पाहते, ते मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं लिहायला मला येत नाही. म्हणून मी आत्याबाईंना विचारते. लुगडं कोणतं नेसायच्या? ओसरीत कुठल्या बाजूला बसायच्या? त्या कधी सांगतात, कधी म्हणतात, "आता मले काय आठवते वं," आणि मग संध्याकाळी आपणहून सांगतात. मधेच माझंच चुकलं म्हणून भांडतात. लिहिलेलं वाचून दाखवलं की त्यांना प्रत्येक वेळी काहीतरी दुरुस्त करायचं असतं, आणि दर वेळी मी ते पान पुन्हा लिहिते. मॅडमना अजून दिलेलं नाही.

काम आहे तसंच चालू आहे. त्या मडक्यापाशी, मी परातीपाशी. मला ती जागा हवी आहे का असं मुलीने एकदा विचारलं. हवी आहे. पण त्या उठतील तेव्हा त्यांना ओसरी नाही आमच्याकडे, पुढची एक खोली आहे आणि तिच्यातून अंगण दिसत नाही. त्याचा विचार करायला हवा, तो अजून झालेला नाही.

परवा रविवारी ऑर्डर मोठी होती. मी कणीक आपटत होते. आत्याबाईंनी हातावरची पोळी मडक्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मह्या डोयाच्या वेयी तू पोया केल्या होत्या. चांगल्या होत्या. थे लिहिलं का?"

"नाही. तुम्ही तेव्हा तसं म्हटलं नव्हतं."

"आता म्हटलं."

तेव्हा त्या म्हणाल्या नव्हत्या, म्हणून त्या पहिल्या लेखात ते घालता येणार नाही. इथे, वहीच्या मागच्या पानावर, लिहून ठेवते.